‘पडलं’ एवढेच पुरेसे नाही : शिशूंच्या शिरोभिघाताचा हेतुविचार

निदानपंचकातील पहिले अंग हेतु. ज्वर असो वा अतिसार, आपण वैद्य मंडळी हेतूची चौकशी आहारापासून ऋतूपर्यंत करीत असतो. आगंतु व्याधी समोर आला की मात्र ही चौकशी बहुधा एका शब्दावर येऊन थांबते. मोठ्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर निभावते, कारण पुढचे तो स्वतः सांगतो. सहा महिन्यांचे बालक काही सांगत नाही. “पोट्टं पडलं जी, साहेब,” एवढे बोलून माता गप्प होते आणि केसपेपरवर ‘शिरोभिघात, पतनजन्य’ अशी नोंद होते. आमच्या मते ही नोंद अपुरी आहे. पतन हा हेतूचा केवळ वर्ग झाला. बालक कोठून पडले, किती उंचीवरून, कशावर, कोणाच्या देखत, आणि मुळात पडले का, या प्रश्नांच्या उत्तरांत खरा हेतु दडलेला असतो. बालकाला घरी पाठवावे की मोठ्या रुग्णालयात, हा निर्णयही त्याच उत्तरांवर अवलंबून असतो.

आमच्या भागात हा निर्णय हलका नाही. कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा करीत चंद्रपूर गाठायचे म्हणजे साठ किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि रस्त्यावर सिमेंट कारखान्यांच्या मालमोटारींची अखंड रांग. चंद्रपूरला २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून पुष्कळ सोय झाली. तरी तान्ह्या बालकाच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी बहुतेक वेळा पुढे नागपूरचा रस्ता धरावा लागतो, म्हणजे आणखी दीडशे किलोमीटर. माणिकगड पहाडावरील कोलाम गुड्यांतून येणाऱ्यांना तर आमच्यापर्यंत पोहोचण्यातच अर्धा दिवस जातो. कापूस वेचणीच्या हंगामात “चंद्रपूरला न्या” असे सांगणे म्हणजे त्या घराची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवणे होय. म्हणून उगाच पाठवू नये. मात्र ज्याला पाठवायला हवे त्याला थांबवून ठेवणे हा त्याहून कितीतरी मोठा अपराध ठरेल.

चरकाचार्यांनी हृदय, बस्ति आणि शिर या तीन मर्मांना सर्वांत श्रेष्ठ मानले. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी सद्यःप्राणहर म्हणून जी १९ गणली गेली, त्यांत शंख, शृंगाटक आणि अधिपति ही शिरोगत मर्मे आहेत. कवटीच्या सांध्यांवरील सीमंत मर्मे कालांतरप्राणहर गटात येतात. आघातानंतर बालक काही तास वा दिवस बरे दिसून मग ढासळते, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वर्गीकरण पाठ्यपुस्तकी वाटणार नाही.

बालकाच्या बाबतीत आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. नवजाताचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते; प्रौढाचे सुमारे एक अष्टमांश. मान दुबळी, त्यामुळे बालक कोठूनही पडले तरी डोके आधी खाली येते. कवटी पातळ, सांधे अजून जुळलेले नाहीत, पुढची टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांपर्यंत उघडी. हे उघडे सांधे काही काळ वाढत्या दाबाला वाट करून देतात, म्हणूनच रक्तस्राव होत असूनही लक्षणे उशिरा उमटतात. पाच किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सारे मिळून सुमारे ४०० मिलिलिटर रक्त असते. टाळूच्या त्वचेखाली साठलेले वाटीभर रक्तसुद्धा त्याला क्षीण करू शकते.

आता आमच्या भागातील प्रत्यक्ष हेतूंकडे वळू.

आश्विन-कार्तिकापासून पऱ्हाटी फुटू लागते आणि गावेच्या गावे वावरात जातात. बाळंतीणही दोन-तीन महिन्यांत कामावर रुजू होते. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून बाळ तिच्यात निजवले जाते. झोळी वाईट नव्हे. ती हवेशीर असते, विंचू-काट्यापासून बाळ वर राहते. तथापि झोळीची दोरी वर्षभर उन्हापावसात असते, गाठ घाईत मारलेली असते, आणि खाली बहुधा धोंडे. शिवाय पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत निमूट निजणारे बाळ एके दिवशी झोळीतच उठून बसू पाहते आणि तोल जाऊन बाहेर येते. मातांना आम्ही तीन गोष्टी सांगतो : झोळी जमिनीपासून हातभरच उंच असावी, तिच्याखाली कापसाचे बोंद्रे वा दुमडलेली पोती अंथरावीत, आणि बाळ कुशीवर वळू लागले की झोळी बंद करावी. तिसरी गोष्ट कोणी सहजासहजी ऐकत नाही, कारण मग बाळ ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. जेथे अंगणवाडी वा घरची म्हातारी माणसे आहेत तेथे तो सुटतो.

नसेल तर बाळ भावंडाच्या कडेवर जाते. आठ वर्षांची बहीण नऊ महिन्यांच्या भावाला घेऊन दिवसभर फिरते, हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे आहे की त्यात काही हेतु असेल असे वाटत नाही. त्या मुलीचे वजन वीस-बावीस किलो आणि कडेवरचे बाळ आठ किलोचे! ती ठेचकाळली की दोघेही पडतात, आणि बाळ खाली सापडते. वर, मार बसेल या भीतीने ती मुलगी घडलेले सांगत नाही. संध्याकाळी घरी आलेल्या मातेला केवळ किरकिरे, दूध न ओढणारे बालक दिसते. अशा वेळी त्या मुलीला जवळ घेऊन, आईला जरा बाहेर बसवून, न रागावता विचारावे. आमच्या अनुभवात निम्मा इतिहास अशा भावंडांकडूनच मिळालेला आहे.

बंडीचा उल्लेखही करायला हवा. रिकाम्या बंडीची उंची फार नसते. पण कापसाने भरलेल्या बंडीवर माय-लेकरे बसलेली असली की ती उंची पुरुषभर होते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिमेंटच्या पट्ट्यात घरे पालटली. कुडाच्या भिंती आणि शेणाने सारवलेली भुई जाऊन स्लॅब आणि फरशी आली. ही प्रगतीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. पहाडावरील ज्या घरांत सारे कुटुंब भुईवर चटई टाकून निजते, तेथून खाटेवरून पडलेले बालक आमच्याकडे क्वचितच आले. आमच्या नोंदवहीतून टक्केवारी काढावी इतकी संख्या नाही, तशी ती आम्ही काढतही नाही. स्लॅबच्या घरांची गोष्ट निराळी. जिना बाहेरून, त्याला कठडा नाही. वर आणखी एक मजला घ्यायचा आहे म्हणून गच्चीलाही कठडा नाही, नुसत्या सळया उभ्या. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की सगळे घर गच्चीवर निजते, आणि नुकते रांगू लागलेले बालक पहाटे सर्वांच्या आधी जागे होते. कठडा बांधणे परवडत नसेल तर निदान निजण्याची जागा मधोमध असावी, बालक दोन मोठ्या माणसांच्या मध्ये असावे आणि त्याच्या कमरेची ओढणी मातेच्या मनगटाला बांधलेली असावी.

दुचाकीवरचे बालक हा तर आजचा सर्वांत गंभीर हेतु. टाकीवर बसवलेले दीड वर्षाचे मूल, पाठीमागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या मातेच्या मांडीवर तान्हे बाळ, आणि गडचांदूर-कोरपना रस्त्यावरील खड्डे. येथे नुसती उंची मोजून चालत नाही, वेगही मोजावा लागतो. चार वर्षांखालील बालकाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांपुढील बालकाला मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा केंद्रीय नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन २०२३ पासून लागू झाला आहे. असा पट्टा बांधलेले मूल आमच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही. औषधालयांत मानेचे आणि कमरेचे पट्टे मिळतात, हा का मिळू नये, असे आमच्या औषधविक्रेत्या मित्रांना विचारावेसे वाटते.

वॉकर हे बारशाला वा वाढदिवसाला हमखास येणारे भेटीचे साधन. काश्यपसंहितेत फक्क रोगाच्या चिकित्सेत त्रिचक्र रथ सांगितला आहे, म्हणून काही वैद्यबंधू वॉकरचे समर्थन करतात. ते आम्हांस पटत नाही. फक्करथ बालकाने धरून, स्वतःच्या पायांवर भार घेत, चालण्याच्या अभ्यासासाठी ढकलायचा आहे. वॉकरमध्ये बालक टांगलेल्या आसनात बसते, पायाने केवळ जमीन रेटते आणि ज्या वेगाला त्याची बुद्धी व तोल अजून पोचलेले नाहीत त्या वेगाने उंबऱ्यापर्यंत जाते. पुढे ओट्याच्या दोन पायऱ्या. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती या कारणानेच. आपल्याकडे बंदी नाही, परंतु वैद्याने ‘घेऊ नका’ म्हटले तर घरचे ऐकतात.

आणखी एक हेतु ऐकताना किरकोळ वाटतो. मामा वा काका कौतुकाने बाळाला वर उडवतो आणि झेलतो. टिनाच्या वा ठेंगण्या छताच्या घरात पंखा हात वर केला की लागेल इतका खाली असतो. फिरत्या पात्याने कवटीला खोक पडून हाडाचा तुकडा आत दबणे, अशा दुखापती भारतातील व अन्यत्रच्या शल्यचिकित्सकांनी नोंदविलेल्या आहेत. जखम बाहेरून बोटभर दिसते, टाके घालण्याचा मोह होतो. पंख्याचा मार म्हटल्याबरोबर ते बालक सी.टी. स्कॅनसाठी पाठवावे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात बालकाला अंगाला सुख होईल असे धरावे, एकाएकी ओढू वा वर उडवू नये, विषम भूमीवर सोडू नये, असे सांगितले आहे. बाळंतिणीच्या घरी सुवर्णप्राशनाबद्दल बोलताना हा भागही सांगावा.

येथपर्यंतचे हेतु डोळ्यांना दिसणारे झाले. ज्यात पतन नाहीच, अशा दोन प्रसंगांकडे विशेष लक्ष वेधायचे आहे.

पहिला, दोन ते बारा आठवड्यांचे, केवळ स्तन्यपान करणारे, वरवर निरोगी बालक. अचानक दूध टाकते, फिकट पडते, टाळू फुगते, झटके येतात. घरचे म्हणतात, “खाटेवर आपटलं असेल.” अनेकदा ते आपटलेले नसते. जीवनसत्त्व ‘के’च्या अभावाने होणारा हा मस्तिष्कगत रक्तस्राव असतो. मातेच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून जन्मतःच १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देण्याचा प्रघात आहे. रुग्णालयात जन्मलेल्याला ते मिळते. घरी वा वाटेत प्रसूती झालेल्याला बऱ्याचदा राहून जाते, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या आतल्या गावांत असे जन्म अजून होतात. (स्तन्यपान थांबवावे असा अर्थ कोणी काढू नये. स्तन्य ते स्तन्यच.) नाभीतून वा नाकातून अल्पसा रक्तस्राव, लसीच्या जागी न थांबणारे रक्त, कारणाविना निळा डाग, ही त्याची पूर्वरूपे काही दिवस आधी दिसू शकतात. नाभीवर चूर्ण मागायला माता औषधालयात येते, त्याच वेळी ‘जन्मल्यावर सुई दिली होती का’ हा एक प्रश्न विचारला गेला तर पुढचा अनर्थ टळू शकतो.

दुसरा प्रसंग बोलायला अवघड आहे. बालकाला दोन्ही हातांनी धरून जोराने हलविल्याने मेंदूभोवतीच्या सिरा तुटतात, बाहेर एक ओरखडाही दिसत नाही. इंग्लंडमधील गथकेल्च यांनी १९७१ मध्ये आणि अमेरिकेतील कॅफी यांनी १९७२ व १९७४ मध्ये याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. हे क्रूर माणसेच करतात असे नाही. बालकाचे रडणे सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचते. रात्रपाळी करून आलेला बाप, झोप न झालेली माता, एकच खोली. याखेरीज रडे थांबवायला वा ‘अंग मोकळे करायला’ बाळाला पाय धरून उलटे लोंबकळवणाऱ्या न्हाऊ घालणाऱ्या बायाही आमच्या पाहण्यात आहेत. सांगितलेला इतिहास आणि दिसणारी अवस्था जुळत नसेल, इतिहास दर वेळी बदलत असेल, चालता न येणाऱ्या बालकाच्या अंगावर जुने-नवे डाग असतील, तर आरोप न करता पण निश्चितपणे बालक पुढे पाठवावे आणि संशय चिठ्ठीत लिहावा. घरात बालक सुरक्षित नाही असे दिसल्यास १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे. आणि प्रत्येक नव्या मातेस आधीच सांगून ठेवावे : रडे असह्य झाले तर बाळाला भुईवर उताणे ठेवून दाराबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. रडण्याने बाळाच्या जिवाला धोका होत नाही.

आता निर्णय. २००९ साली उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांतून ४२,४१२ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दोन वर्षांखालील बालकांसाठी जे निकष निघाले, ते तपासायला यंत्र लागत नाही, हात, डोळे आणि प्रश्न लागतात. बालकाची शुद्ध वा सावधता बदललेली आहे का. कपाळ सोडून बाजूला वा मागे लिबलिबीत सूज आहे का. पाच सेकंद वा अधिक काळ बेशुद्धी होती का. हाताला हाड तुटल्याचे जाणवते का. आईला बाळ ‘नेहमीसारखे’ वाटत नाही का. आणि आघात तीव्र होता का. तीव्र म्हणजे वाहनातून फेकले जाणे, जोराने येणाऱ्या वस्तूचा मार, किंवा तीन फुटांहून अधिक उंचीवरून पतन. या तीन फुटांमुळेच हेतूची चौकशी महत्त्वाची ठरते. खाट दीड-दोन फुटांची असते, पण उभ्या मातेच्या खांद्यावरून निसटलेले बाळ चार फुटांवरून पडते, आणि घरचे मात्र ‘हातातून सुटलं’ असे अगदी सौम्य शब्दांत सांगतात. यांपैकी एकही नसेल तर कपाळावरच्या टेंगळाला स्कॅनची गरज नाही. शुद्ध बदललेली असेल वा हाड तुटलेले जाणवत असेल तर क्षणाचाही विलंब नको. मधल्या स्थितीत बालक चार ते सहा तास डोळ्यांसमोर ठेवावे. तीन महिन्यांखालील बालकाबाबत मात्र आम्ही सरळ पाठविण्याकडेच झुकतो.

काश्यपांच्या वेदनाध्यायात शिरोवेदना असलेले बालक डोके सारखे हलवते, डोळे मिटून घेते, कण्हते, अस्वस्थ राहते व झोपत नाही असे वर्णन आहे. वरील निकषांतील ‘आईला नेहमीसारखे वाटत नाही’ याला याहून चांगली पुरवणी आम्हांस ठाऊक नाही. टाळूवर रोज तेल घालणाऱ्या मातेच्या बोटांना तिची उंची आपल्याहून नीट कळते. बाळ शांत व उभे धरलेले असता टाळू वर आली आहे का, हे तिलाच विचारावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडे. पडल्यानंतर वांती होत असलेल्या तान्ह्या बाळाला ‘उलटी बंद’चे थेंब देऊ नयेत, ते वैद्याकडे पाठवावे, थेंबांनी वांती थांबते, रक्तस्राव थांबत नाही. झोप आणणारी सर्दीची सरबते, आणि घुटीत उगाळलेले जायफळ, ही त्या दोन दिवसांत पूर्ण वर्ज्य. गुंगी औषधाची की आघाताची, हे मग कोणालाच सांगता येत नाही. अहिफेनयुक्त कल्प बालकाला देण्याचा प्रश्नच नाही. सुजेवर चोळणे, शेकणे नको; थंड पाण्याची घडी पुरते. सात वर्षांखाली नस्य शास्त्रानेच नाकारले आहे, तेव्हा सावध करण्यासाठी नाकात काही फुंकू नये. सुस्त बालकाच्या तोंडात पाणी, मध, घुटी काहीही घालू नये.

पाठवायचे ठरले की १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. २०१४ पासून सुरू असलेल्या या सेवेच्या गाड्यांवर पुष्कळ ठिकाणी आपलेच बी.ए.एम.एस. पदवीधर असतात, त्यामुळे भाषा एकच आहे. मान सरळ राहील असे बालक दुमडलेल्या चादरीच्या दोन वळकट्यांमध्ये ठेवावे, वांती होत असल्यास मानेसह संपूर्ण अंग एकदम कुशीवर वळवावे. चिठ्ठीत पतनाची वेळ घड्याळाची लिहावी, ‘सकाळी’ असे लिहू नये. उंची फुटांत, खालची जागा कशाची, पाहणारा कोण, शेवटचे दूध केव्हा, दिलेली औषधे घुटीसह, आणि जीवनसत्त्व ‘के’ दिले होते की नाही. सूज मोजून लिहावी आणि गाडी निघताना बालकाची शुद्ध कशी होती तेही लिहावे, म्हणजे चंद्रपूरच्या डॉक्टरांना वाटेत झालेला फरक कळेल.